कोपर हवेत जातंय, हे कोण सांगणार?

अतुल गावंडे हे बोस्टनमधले सर्जन. आठ वर्षं शस्त्रक्रिया केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपली प्रगती थांबली आहे. सुरुवातीच्या काळात त्यांच्या रुग्णांमधल्या गुंतागुंतीचं प्रमाण सतत घटत होतं, मग ती घट थांबली. वाईट असं काही झालं नव्हतं. काम चांगलं चाललं होतं, नावही होतं, फक्त आलेख सपाट झाला होता. तेव्हा त्यांनी आपले निवृत्त झालेले शिक्षक रॉबर्ट ऑस्टीन यांना ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावलं. मदतीला नव्हे, नुसतं बघायला.

थायरॉइडचं ऑपरेशन होतं आणि ते उत्तम पार पडलं. आज सांगण्यासारखं फार काही निघणार नाही, असं गावंडेंना वाटलं. पण ऑस्टीन यांचा कागद बारीक अक्षरांनी भरला होता. रुग्णावरची कापडं अशी लावली होती की गावंडेंना सगळं नीट दिसत होतं, पण समोरच्या सहायकांची अडचण होत होती. दिव्याचा झोत मधेच जखमेवरून सरकला होता आणि जवळजवळ अर्धा तास गावंडे आजूबाजूने परतणाऱ्या उजेडात काम करत होते. आणि त्यांचं कोपर अधूनमधून पार खांद्याच्या उंचीपर्यंत जात होतं. कोपर हवेत असलं की हाताला अचूकपणा राहत नाही. कोपर उचलावंसं वाटलं तर समजायचं की एक तर उभं राहायची जागा बदलायला हवी, नाहीतर हातातलं हत्यार.

ही चर्चा वीसेक मिनिटांची. त्यात जेवढं हाती लागलं तेवढं आधीच्या पाच वर्षांत लागलं नव्हतं, असं गावंडेंनी २०११ मध्ये या अनुभवावर लिहिताना म्हटलं आहे.

मी कोचिंगचं काम करते. पहिल्या भेटीत बहुतेक जण थोडं संकोचत विचारतात, "तुम्ही नेमकं करता काय?" तेव्हा मी व्याख्या सांगत बसत नाही, ही हकीकत सांगते. त्यात सगळं आलंय. काम उत्तम करणारा माणूस, सपाट झालेला आलेख, बाहेरून बघणारे डोळे, आणि सरकलेला दिवा, जो खुद्द काम करणाऱ्याला दिसतच नाही.

चांगलं काम करणारेच का अडकतात

नवं काहीही शिकताना सुरुवातीला सगळं लक्ष तिथे ओतावं लागतं. गाडी शिकणाऱ्याला क्लच, गिअर, आरसा, ब्रेक यांचा एकेक करून विचार करावा लागतो. वर्षभराने तोच माणूस गप्पा मारत घरी पोचतो आणि वाटेतली वळणं त्याला आठवतही नाहीत. मेंदू ओळखीचं काम सवयीच्या खात्यात टाकतो आणि लक्ष दुसरीकडे मोकळं करतो. जगायला ही सोय फार मोठी आहे, सुधारायला मात्र तीच आड येते. सवयीच्या खात्यात गेलेली गोष्ट दिसेनाशी होते, मग ती बदलावी हे सुचणार कसं?

म्हणूनच दहा वर्षांचा अनुभव असलेला प्रत्येक जण पाच वर्षं काम केलेल्यापेक्षा दुप्पट चांगला असतो असं नाही. अँडर्स एरिक्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९९३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'दहा हजार तास' हा जगभर फिरलेला आकडा त्यातूनच उचललेला. पण सर्वोत्तम गटातल्या विद्यार्थ्यांनी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाची ती सरासरी होती. तेवढे तास भरले की कुणीही तरबेज होतो, असं एरिक्सन कधी म्हणाले नाहीत आणि या समजाला त्यांनी पुढे उघड विरोधही केला. त्यांचा भर तासांवर नव्हता, सरावाच्या प्रकारावर होता. आपल्याला जेमतेम जमतं त्याच्या जरा पलीकडचा एक छोटा भाग निवडायचा, तो पूर्ण लक्ष देऊन करायचा, कुठे चुकलं ते लगेच कळायला हवं, आणि लगेच पुन्हा करायचा. यात शिक्षकाची जागा मोठी आहे, कारण कुठला भाग निवडायचा हे बहुतेक वेळा शिकणाऱ्याला समजत नाही.

आता नोकरी या चौकटीत बसवून बघा. खेळाडू आठवडाभर सराव करतो आणि एखाद्या दिवशी सामना खेळतो. नोकरीत रोजच सामना असतो, सरावाचा दिवसच नसतो. चुकलेलं कळतं ते वर्षातून एकदा, अप्रेझलच्या वेळी, तेही इतक्या मोघम शब्दांत की त्यातून काही करता येत नाही. 'संवादकौशल्य वाढवण्यास वाव आहे.' म्हणजे काय? कुठल्या मीटिंगमध्ये, कोणाशी बोलताना, कुठल्या वाक्याला? दिवा सरकलाय हे सांगण्याऐवजी 'उजेडाबाबत सुधारणा हवी' असं लिहिण्यासारखं आहे हे.

त्यातून जसजसं वर जावं तसतसं सांगणारे कमी होतात. नवखा असताना चार जण टोकतात. मॅनेजर झाल्यावर हाताखालचे जपून बोलतात, बरोबरीचे स्पर्धेत असतात आणि वरिष्ठांना फक्त निकालात रस असतो. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इनगॅम या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये माणसाचं चार तावदानांच्या खिडकीसारखं एक चित्र मांडलं, त्यातलं एक तावदान असं की त्यातून इतरांना आपण दिसतो, आपल्याला मात्र आपण दिसत नाही. पद वाढतं तसं हे तावदान मोठं होत जातं, हा माझा अनुभव आहे.

अडकण्याचं दुसरं कारण याहून गंभीर आहे आणि महत्त्वाकांक्षी माणसाला ते बेसावध गाठतं. बढती मिळते आणि कामच बदलतं. कार्डावरचं पद तेवढं बदललं, काम तेच, अशा समजुतीत माणूस राहतो. तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. जास्त विक्री करणाऱ्यांना मॅनेजर होण्याची संधी जास्त मिळत होती, आणि मॅनेजर झाल्यावर त्यांच्या टीमची कामगिरी इतरांच्या टीमपेक्षा खालावत होती. यात त्या विक्रेत्यांचा दोष शोधू नका. एका कामात ज्या सवयींनी जिंकून दिलं त्याच सवयी दुसऱ्या कामात घेऊन ते गेले, आणि 'हे वेगळं काम आहे' असं त्यांना कुणी बसवून सांगितलं नाही.

कोचिंग म्हणजे काय, आणि काय नाही

कोचिंग म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर परीक्षेचा क्लास येतो. शब्दाचा इतिहास बघितला तर त्यात फारसं चुकीचं नाही. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे. पंधराव्या शतकात तिथे बनणाऱ्या घोडागाड्या इतक्या नावाजल्या की गावाच्या नावावरून युरोपभर गाडीलाच तो शब्द पडला. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरांना कोच म्हणू लागले, मग तो शब्द खेळात गेला. नोकरदारांच्या जगात तो आला तो खेळातूनच, आणि येताना त्याचा अर्थ पालटला.

तो पालटला टेनिसच्या मैदानावर. टिमोथी गॅलवे हे अमेरिकेतले टेनिस शिकवणारे. १९७४ मध्ये त्यांनी आपलं म्हणणं पुस्तकरूपात मांडलं. त्यांच्या लक्षात आलं होतं की 'मनगट घट्ट धर, गुडघे वाकव, चेंडूवर नजर ठेव' अशा सूचना वाढल्या की खेळाडू आखडतो. डोक्यात एक आवाज सतत हुकूम सोडत राहतो आणि शरीर गोंधळतं. म्हणून ते सूचना देणं थांबवून साधं काम सांगत. चेंडू जमिनीवर आपटला की 'टप्पा' म्हणा, रॅकेटला लागला की 'फटका' म्हणा. बस्स. हे अचूक वेळेवर म्हणायचं तर चेंडू नीट बघावाच लागतो, आणि बघण्यात मन गुंतलं की तो हुकूम सोडणारा आवाज गप्प बसतो. फटका आपोआप सुधारू लागे. गॅलवे यांचं म्हणणं असं की कामगिरी म्हणजे अंगातली क्षमता वजा आड येणाऱ्या गोष्टी. बहुतेक शिकवणी क्षमता वाढवायच्या मागे लागते, आड येणाऱ्या गोष्टींकडे फारसं कुणी बघत नाही.

पुढे ब्रिटनमधले सर जॉन व्हिटमोर यांनी हा विचार कंपन्यांमध्ये नेला. ते मूळचे मोटार शर्यतपटू, १९६१ चे ब्रिटिश सलून कार स्पर्धेचे विजेते. १९८० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संभाषणाचा एक साधा आराखडा रूढ केला, तो आजही जगभरचे कोच वापरतात. कुठे पोचायचंय? आत्ता नेमकं काय चाललंय? कुठल्या कुठल्या वाटा आहेत? आणि यातलं तुम्ही काय, कधी करणार? प्रश्न चारच आहेत आणि कुणालाही पाठ होतील. सगळा जीव दुसऱ्या प्रश्नात आहे. माणसं पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतात. 'मला डिरेक्टर व्हायचंय, कुठला कोर्स करू?' मधला प्रश्न गळला की पुढची सगळी उत्तरं कल्पनेतल्या परिस्थितीला लागू पडतात.

एक प्रसंग सांगते. संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे गृहस्थ बारा जणांच्या टीमचे प्रमुख. त्यांची तक्रार होती, "माझी टीम जबाबदारीच घेत नाही."

"मागच्या आठवड्यात असं नेमकं कधी झालं?"

"मंगळवारी. रिपोर्ट अर्धवट आला. शेवटचे दोन भाग नुसते भरल्यासारखे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"करणार काय? दुसऱ्या दिवशी क्लायंटला द्यायचा होता. रात्री बसलो आणि मीच पूर्ण केला."

"ज्यांनी तो लिहिला होता, त्यांना हे कळलं?"

ते थांबले. "नाही... म्हणजे मी सांगितलं नाही. कशाला उगाच."

"मग त्यांच्या दृष्टीने त्या रिपोर्टाचं काय झालं?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. या कामात गप्प बसणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. समोरचा माणूस स्वतःकडे बघत असतो तेव्हा मधे बोलणं म्हणजे त्याच्या आणि आरशाच्या मधे उभं राहणं. शेवटी ते म्हणाले, "त्यांच्या दृष्टीने तो पास झाला. दरवेळी पास होतो."

इथे मी त्यांना काहीही सांगितलेलं नाही. 'तुम्ही कामं सोपवायला शिका' हे वाक्य त्यांनी आधी दोन ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. मंगळवारची रात्र मात्र त्यांनी तोवर बाहेरून बघितली नव्हती. तांत्रिक कामात ते हुशार आणि म्हणूनच बढती मिळालेले. अर्धवट काम दिसलं की हात आपोआप लॅपटॉपकडे जायचे. त्यांचं हवेत जाणारं कोपर ते हेच.

ठरवलेलं हातून का होत नाही

उमगलं म्हणजे बदल झाला, असं होत नाही. 'यापुढे मी त्यांच्याकडूनच करून घेईन' हा निश्चय पुढच्या अर्धवट रिपोर्टापर्यंत टिकतो. रात्री नऊ वाजता, डेडलाइन डोक्यावर असताना जुनी सवयच जिंकते.

यावर पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं काम फार उपयोगी आहे. त्यांचं सांगणं असं की ध्येय ठरवणं आणि ते कधी, कुठे, कसं करायचं हे ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'अमुक झालं, तर मी तमुक करीन' अशा साच्यात आधीच ठरवून ठेवलं की ऐन वेळी विचार करावा लागत नाही, समोरची परिस्थितीच आठवण करून देते. गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा या पद्धतीचा परिणाम मध्यम ते मोठा म्हणावा इतका भरला. कागदावरच्या एका वाक्यासाठी हे पुष्कळ झालं.

आमच्या त्या टीमप्रमुखांनी लिहिलेलं वाक्य असं होतं: 'रिपोर्ट अर्धवट आला, तर लॅपटॉप उघडायच्या आधी मी फोन उचलीन आणि विचारीन, यात काय राहिलंय असं तुम्हाला वाटतं?' यातला 'लॅपटॉप उघडायच्या आधी' हा तुकडा त्यांचा स्वतःचा. आपला पाय नेमका कुठे घसरतो ते त्यांना कळलं होतं.

कोचिंगमध्ये पुढच्या भेटीची तारीख ठरलेली असते, तिचंही यात मोठं काम असतं. पंधरा दिवसांनी कुणीतरी विचारणार आहे, ओरडायला नाही, खरंच जाणून घ्यायला, एवढ्यानेही माणूस ठरवलेलं करतो.

फीडबॅक मागायचा कसा

फीडबॅक जितका जास्त तितका चांगला, असं सरसकट सांगितलं जातं आणि ते खरं नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये तोवर झालेल्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. सरासरीने फीडबॅकचा फायदा होत होता, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक दिल्यावर कामगिरी घसरली होती. त्यांचं स्पष्टीकरण मला रोज पटतं. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, 'मी कसा आहे, माझं नाव राहिलं का' यावर गेलं, की माणूस स्वतःला सावरण्यातच गुंततो आणि काम तिथेच राहतं. स्तुतीनेही हे होतं, फक्त टीकेनेच नाही.

म्हणून 'माझ्याबद्दल काही फीडबॅक आहे का?' असं विचारू नका. हा प्रश्न समोरच्याला पेचात टाकतो आणि उत्तर येतं, 'छान चाललंय.' त्याऐवजी मीटिंगच्या आधीच सांगून ठेवा: 'मी बोलत असताना लोकांचं लक्ष नेमकं कधी सुटतं ते बघाल का? स्लाइडचा नंबर टिपून ठेवा.' आता त्या माणसाला तुमच्याबद्दल मत द्यायचं नाही, एक आकडा टिपायचा आहे. ते कुणीही आनंदाने करतं. नंतर तो आकडा ऐकताना एक पथ्य पाळायचं, स्पष्टीकरण द्यायचं नाही. 'हो, पण त्या स्लाइडला काय झालं माहितीये का' असं म्हटलंत की पुढच्या वेळी तो माणूस काही टिपणार नाही. ऐका, लिहून घ्या, आभार माना.

कोच, मेंटॉर, स्पॉन्सर

हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि त्यातून अपेक्षाभंग होतो. मेंटॉर तुमच्या वाटेवरून पुढे गेलेला असतो, तो आपल्या अनुभवातून सल्ला देतो. कोचला तुमचं क्षेत्र माहीत असायलाच हवं असं नाही, त्याचं काम बघणं, विचारणं आणि पाठपुरावा करणं. स्पॉन्सर म्हणजे ज्या खोलीत तुम्ही नसता आणि जिथे तुमच्या बढतीचा निर्णय होतो, तिथे स्वतःचा शब्द खर्च करून तुमचं नाव घेणारा माणूस. समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ या सगळ्यांपेक्षा निराळे, त्यांचं काम आजाराशी आणि वेदनेशी असतं.

महत्त्वाकांक्षी माणसाला मी आवर्जून सांगते की कोच कितीही चांगला असला तरी स्पॉन्सरची जागा भरून काढत नाही. तुमचं काम दुरुस्त होईल, पण ते कुणाला दिसलंच नाही तर बढती होणार नाही. त्यामुळे कोचिंगच्या पहिल्या दोन-तीन भेटींत मी एक यादी करायला लावते: मागच्या महिन्यात तुमचा वेळ कशात गेला, आणि यातलं काय बढतीच्या चर्चेत मोजलं जातं? उत्तरं बघून अनेकांना धक्का बसतो. मीटिंगचं टिपण काढणं, नव्यांना सांभाळून घेणं, कार्यक्रमाची धावपळ ही कामं ऑफिसला हवी असतात, पण अप्रेझलमध्ये त्यांना वजन नसतं. अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटात अशी कामं स्वतःहून अंगावर घेण्याचं प्रमाण बायकांमध्ये पुरुषांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त आढळलं. गटात सगळ्या बायकाच असतील तर त्या एवढ्या पुढे येत नव्हत्या. म्हणजे बायकांना अशा कामांची आवड असते, हे काही खरं कारण नव्हे. 'हे त्याच करतील' असं सगळ्यांनी, त्यांनी स्वतःही, आधीच धरून ठेवलेलं असतं. अशा वेळी 'नाही म्हणायला शिका' हा सल्ला अपुरा आणि थोडा अन्यायकारक आहे. ही कामं पाळीपाळीने वाटली जावीत हे बघणं मॅनेजरचं काम आहे, आणि माझ्यासमोर मॅनेजर बसलेला असेल तर मी हा विषय काढतेच.

बाहेरचे डोळे संधी शोधायलाही लागतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना ती सांगणारी माणसं क्वचित भेटणारी, कधीतरी फोन होणारी. कारण सरळ आहे, जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. जुन्या सहकाऱ्याला सहा महिन्यांनी एक साधा फोन करणं हे नेटवर्किंगच्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा मोलाचं आहे, आणि त्यात काही मागायचं नसतं, चौकशी करायची असते.

कोच घ्यायचा तर

कोचिंगचा उपयोग होतो का? ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी २०१४ मध्ये संस्थांमधल्या कोचिंगवरचे १८ अभ्यास एकत्र तपासले. कामगिरी, मनाचं स्वास्थ्य, ताण पेलणं, कामाबद्दलची भावना आणि ध्येयाच्या दिशेने स्वतःला वळवणं, या पाचही बाबतींत चांगला परिणाम दिसला. अभ्यास थोडे होते आणि सगळेच काटेकोर नव्हते, तेव्हा हे चमत्काराचं प्रमाणपत्र समजू नये.

कारण या क्षेत्रात चमत्कार विकणारे पुष्कळ आहेत. डॉक्टर किंवा वकील व्हायला परवाना लागतो, बहुतेक देशांत कोच व्हायला तसा काही लागत नाही. आज कुणीही पाटी लावू शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ मध्ये स्थापन झालेली संस्था तीन पातळ्यांवर प्रमाणपत्रं देते, त्यांसाठी प्रशिक्षणाबरोबर अनुक्रमे १००, ५०० आणि २५०० तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं असावं लागतं. प्रमाणपत्र असलं म्हणजे माणूस चांगलाच असेल असं नाही, पण निदान कुणीतरी त्याचं काम तपासलेलं असतं. एक ओळखभेट मागा आणि त्या भेटीत कोण जास्त बोलतं ते बघा. अर्ध्याहून अधिक वेळ कोचच बोलत असेल तर विचार करा. 'सहा महिन्यांत बढतीची हमी' असं कुणी म्हणालं तर उठा आणि निघा.

पैसे कंपनी देणार असेल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा, इथे बोललेलं कुणापर्यंत जाणार? योग्य पद्धत अशी की उद्दिष्टं काय हे कंपनी, कोच आणि तुम्ही तिघं मिळून ठरवता, किती भेटी झाल्या एवढं कंपनीला कळतं, आणि भेटीत काय बोललं गेलं ते तुमच्याकडेच राहतं. हे लेखी घ्या. ते मिळत नसेल तर तिथे मन मोकळं करू नका.

आणि काही वेळा कोच नकोच. झोप उडालीय, सकाळी उठावंसं वाटत नाही, कशातच रस राहिला नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर आधी डॉक्टरकडे जा. तसंच वरिष्ठ रोज अपमान करतो, कामाचा मोबदला बुडवला जातो, अशा ठिकाणी 'मी कुठे कमी पडतोय' हे शोधत बसू नका. तिथे माणसाने स्वतःला सुधारायचं नसतं, तक्रार करायची असते किंवा दुसरी नोकरी बघायची असते. अशा जागी कोच पाठवून माणसालाच दुरुस्त करायला सांगितलं जातं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, आणि ते काम मी घेत नाही.

कोच परवडत नसेल तरी बरंच काही करता येतं. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९९९ मध्ये सांगितलेली पद्धत मी स्वतः वापरते. महत्त्वाचा निर्णय घेताना पुढे काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं, नऊ किंवा बारा महिन्यांनी काढून प्रत्यक्ष घडलेल्याशी ताडून बघायचं. दोन-तीन वर्षांत आपला अंदाज कुठे हमखास चुकतो ते वहीच सांगते. माझा अंदाज वेळेबाबत चुकतो, सतत आणि एकाच दिशेने. ऑनलाइन मीटिंग असेल तर सगळ्यांना विचारून ती रेकॉर्ड करा आणि नंतर आवाज बंद करून पाच मिनिटं बघा. स्वतःचा चेहरा बघवत नाही, पण दिवा कुठे सरकलाय ते तिथे दिसतं. आणि बरोबरीच्या एखाद्या सहकाऱ्याशी ठरवून टाका, महिन्यातून एकदा तुम्ही माझी मीटिंग बघा, एकदा मी तुमची बघते.

त्या टीमप्रमुखांच्या पुढच्या भेटीत मी विचारलं, वाक्य वापरायची वेळ आली का? आली होती. त्याच माणसाकडून पुन्हा रिपोर्ट आला होता, शेवटचा भाग अर्धवट. लॅपटॉप टेबलावर बंदच होता, त्यांनी फोन उचलला आणि विचारलं. पलीकडे थोडी शांतता होती, मग तो माणूस म्हणाला, "शेवटचा भाग मला नीट कळलाच नव्हता, सर. तुम्ही दरवेळी बघताच, म्हणून तसाच पाठवत होतो." ते अर्धा तास बोलले. रिपोर्ट रात्री साडेअकराला परत आला. त्यात दोन चुका होत्या. त्या त्यांनी दुरुस्त केल्या नाहीत, खुणा करून परत पाठवल्या आणि झोपायला गेले.